विहिरीला ‘लाल औषध’ देण्याआधी: पेट्रोल-सॉल्व्हंटने बिघडलेली जमीन आणि भूजल सुधारण्याचं नियोजन

पटकीच्या साथीत आडात पोटॅशियम परमँगनेट टाकलेलं जुन्या माणसांनी पाहिलेलं असतं. पाणी गुलाबी व्हायचं, मग हळूहळू रंग जायचा. आता ग्रामपंचायती टीसीएल पावडर वापरतात, पण ‘लाल औषध’ हा शब्द अजून लोकांच्या तोंडात आहे. जमिनीत मुरलेलं पेट्रोल किंवा कारखान्यातलं सॉल्व्हंट मारण्यासाठी जे रासायनिक ऑक्सिडीकरण करतात, ते याच जातीचं काम. ऑक्सिडक जमिनीत सोडायचा, त्याने प्रदूषकाचा रेणू तोडायचा, शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरले पाहिजेत. फरक इतकाच की आडाचं पाणी डोळ्यांना दिसतं आणि इथे सगळं मुरुमाच्या आणि खडकाच्या आत चालतं.

हा लेख नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी आहे: पर्यावरण अभियंते, एमआयडीसीतले छोटे उद्योजक, पंपमालक आणि शेजारच्या पंपामुळे विहीर बिघडलेले गावकरीही. नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणतं केमिकल मागवू?’ माझ्या मते तो शेवटून दुसरा प्रश्न आहे.

हे काम ऑक्सिडीकरणाचं आहे का?

मराठवाड्यात विहिरीच्या पाण्याच्या नेहमीच्या तक्रारी म्हणजे नायट्रेट, फ्लोराइड आणि खारटपणा. यातल्या एकावरही ऑक्सिडक चालत नाही. धातूंवरही नाही. उलट जमिनीत निरुपद्रवी पडून असलेलं त्रिसंयुजी क्रोमियम ऑक्सिडकाच्या संपर्काने विषारी षट्संयुजी होऊन पाण्यात उतरू शकतं. म्हणून प्लेटिंगच्या जुन्या शेडखाली हे काम करायचा विचार असेल तर दहा वेळा थांबा.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक मागणी येते: डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याने, म्हणजे स्पेंटवॉशने, विहिरी काळ्या-तांबड्या झाल्या आहेत, त्यावर काही करा. स्पेंटवॉशची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातला मळ जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढी भूक भागवायला लागणाऱ्या ऑक्सिडकाच्या किमतीत कारखान्याला नवी प्रक्रिया यंत्रणा बसवता येईल. तिथे आधी स्पेंटवॉश सोडणं थांबवायचं.

हे तंत्र चालतं ते पेट्रोल-डिझेलमधल्या बेंझीन, टोल्यूइन, झायलीनवर, धातूचे सुटे भाग धुवायच्या ट्रायक्लोरोएथिलीन-परक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटवर, फिनॉलवर आणि काही कीटकनाशकांवर. तेही मातीत किंवा पाण्यात मुरलेला अंश असेल तरच. पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत असेल तर आधी ते उपसून काढा. तरंगत्या पेट्रोलवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणं म्हणजे उष्णता, वाफा आणि ऑक्सिजन एकाच भोकात कोंडणं. त्याचा स्फोट होऊ शकतो.

गळती बंद, जुनी भोकं शोधा

टाकी, पाइप, गटाराचा चेंबर, ड्रम धुवायची जागा यांपैकी काय गळतं ते शोधून बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुना वॉचमन आणि ज्याने टाकी पुरली तो मिस्त्री यांच्याशी चहा घेत तासभर बोला. मंजूर नकाशात नसलेली टाकी मला अशाच गप्पांत सापडली आहे.

आपल्याकडे यात एक खास भर पडते, ती कोरड्या पडलेल्या बोअरची. शेतकरी दोनशे, चारशे, सहाशे फूट खाली जातो, पण केसिंग पाइप असतो फक्त वरच्या मुरुमापुरता. त्याखाली उघडं भोक. वरच्या थरातलं दूषित पाणी अशा भोकातून थेट खालच्या भेगांत उतरतं आणि वीस फुटांचं दुखणं दोनशे फुटांवर जाऊन बसतं. दूषित पट्ट्यातलं प्रत्येक बोअर शोधून नकाशावर घ्या. छताचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडून पुनर्भरण करणं एरवी पुण्याचं काम, पण अशा जागेवर ते ताबडतोब थांबवा.

पाणी कुठे जातं

पुस्तकातले बहुतेक नमुने वाळूच्या जमिनीचे असतात. तिथे नळी ठोकली, द्रव सोडला की तो चहूकडे सारखा पसरतो. आपल्या खाली मात्र दख्खनचा बेसाल्ट आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर. वर काळी माती, कधी हातभर तर कधी दोन पुरुष. तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल मातीचा पट्टा, जो पाणी अडवून धरतो. पाणी फिरतं ते मुरुमात, भेगांत आणि खडकाच्या पोकळ्यांत. एका भोकात मुबलक पाणी आणि दहा फुटांवरचं भोक कोरडं, हे पाणाडी आणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने पैसे घालून अनुभवलेलं असतं. ऑक्सिडकाचंही तसंच होतं. तो भेगेने पळतो आणि शेजारच्या अखंड मुरुमात शिरतच नाही.

म्हणून निरीक्षण नळ्या घ्या. किमान तीन असल्याशिवाय पाण्याचा उतार कळत नाही, आणि भेगाळ खडकात तीनवर विसंबणं धाडसाचं. सहा-सात घ्या, वरच्या मुरुमातल्या वेगळ्या आणि खडकातल्या वेगळ्या. प्रत्येक नळीच्या तोंडाची उंची लेव्हल मशिनने मोजून घ्या. पाण्याची पातळी नुसती ‘जमिनीपासून इतकी खोल’ अशी लिहिली तर उतार उलटाही दिसू शकतो.

मी सुरुवातीला एका वर्कशॉपच्या आवारात याच ठिकाणी आपटलो. पाण्याचा उतार जमिनीच्या उताराप्रमाणे ओढ्याकडे असणार, असं गृहीत धरून मुरुमात परमँगनेट सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडचा, म्हणजे चढाकडचा शेतकरी आला. ‘साहेब, विहिरीत लाल औषध टाकलं का कुणी?’ त्याच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, आणि कांद्याला पाणी देताना मोटरने आमचा ऑक्सिडक रस्त्याखालून ओढून नेला होता. दिवसा मोजलेली आमची पातळी तोपर्यंत पूर्ववत व्हायची, त्यामुळे नोंदवहीत सगळं आलबेल. तेव्हापासून मी नळीत आपोआप पातळी नोंदवणारं यंत्र निदान दोन आठवडे ठेवतो, म्हणजे दिवसाच्या आणि रात्रीच्या लाइटची दोन्ही आवर्तनं त्यात येतात. आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीची खोली, मोटर आणि पीकही लिहून घेतो. ऊस, केळी असेल तर उपसा वेगळा, नुसती ज्वारी असेल तर वेगळा.

पातळीच्या वार्षिक चढउताराकडेही बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास. जवळच्या विहिरीच्या जुन्या नोंदी मागून घ्या. मे आणि ऑक्टोबरमध्ये कित्येक मीटरचा फरक पडतो. पेट्रोल पाण्यावर तरंगत असल्याने पातळीबरोबर वरखाली होतं आणि तेवढ्या सगळ्या जाडीत मुरूम माखून ठेवतं. फक्त मे महिन्यात नमुने घेणाऱ्याला माखलेला पट्टा कोरडा सापडतो आणि पाणी बरं दिसतं. पहिला पाऊस झाला की तेच पाणी पुन्हा वास मारू लागतं.

नमुने

बेंझीनसारखी द्रव्यं उडून जातात. पाण्याचा नमुना छोट्या काचेच्या बाटलीत, वर हवेचा बुडबुडाही न राहील असा काठोकाठ भरा आणि बर्फाच्या पेटीतून एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरलेला आणि दुपारभर जीपच्या बॉनेटवर राहिलेला नमुना काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक मूल्यांत बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक आकड्यापुढे नमुन्यातला हलगर्जीपणा खपत नाही.

प्रदूषकाबरोबरच सामू, अल्कता, क्लोराइड, सल्फेट, मँगनीज आणि क्रोमियमही ‘आधीचे’ म्हणून मोजून ठेवा. हे आकडे नसतील तर पुढे प्रत्येक वाढ तुमच्या नावावर जाईल. त्यातल्या काही खरोखर तुमच्या असतील, ती गोष्ट वेगळी.

मातीचे नमुने मात्र भरपूर घ्या. काळी माती, मुरूम, भेगेतली भर, प्रत्येकाचा किलोभर तरी. कारण पुढचा सगळा हिशेब मातीच्या भुकेवर, म्हणजे माती स्वतःच किती ऑक्सिडक खाते यावर, उभा आहे.

ऑक्सिडक

पोटॅशियम परमँगनेट स्वस्त, सहज मिळणारं आणि जमिनीत आठवडे-महिने टिकणारं. ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीनवर उत्तम. पण बेंझीनला ते जवळजवळ हात लावत नाही, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. पंपाखाली परमँगनेट सोडलं, टोल्यूइन-झायलीन कमी झालं, वासही गेला, आणि विषारी बेंझीन तसंच राहिलं. परमँगनेटचं पाणी साधारण ६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, थंडीत त्याहून कमी. तीन-चार टक्क्यांचं द्रावण धरून चाला. उरलेला तपकिरी मँगनीज डायऑक्साइड भेगा बुजवतो, हेही लक्षात ठेवा.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह यांची जोडी हेन्री फेंटनने १८९४ मध्ये मांडली. ती सगळ्यांत चपळ आणि सगळ्यांत कमी टिकणारी: तास, फार तर काही दिवस. तिला सामू ३ ते ४ लागतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास, आणि खाली चुनखडी. त्या चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसतं, हे कृषी विभागाच्या माती परीक्षणात कुणीही पाहिलं असेल. तुम्ही ओतलेलं आम्ल चुनखडीच पिऊन टाकते, वर सुटणारा वायू द्रव जमिनीबाहेर ढकलतो, आणि पाण्यातलं बायकार्बोनेट पेरॉक्साइडने तयार केलेले मूलक, म्हणजे प्रदूषक तोडणारे अतिक्रियाशील कण, मध्येच गिळतं. आम्लाऐवजी लोहाला बांधून ठेवणारे चिलेट वापरून सामू न उतरवता काम करता येतं, पण मराठवाड्यात फेंटन माझी पहिली पसंती नाही.

सोडियम परसल्फेट बेंझीनवर चालतं, आठवडे टिकतं, पण त्याला जागवावं लागतं: उष्णतेने, चिलेट लोहाने किंवा कॉस्टिक घालून सामू १०.५ च्या वर नेऊन. ते विघटताना आम्ल सुटतं. इथे आपली चुनखडी उपयोगी पडते, सामू फार खाली जाऊ देत नाही. त्याचे तोटे दोन. एक किलो परसल्फेटमागे सुमारे ८०० ग्रॅम सल्फेट उरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत, आणि सल्फेट वाढलं की साध्या सिमेंटचा पाया कुरतडला जातो. दुसरा तोटा सोडियमचा. सोडियमने काळ्या मातीचं काय होतं हे चोपण जमीन कसणाऱ्याला विचारा. माती विस्कटते आणि पाणी शिरायचं बंद होतं.

ओझोन चोवीस तास वीज आणि जागेवर यंत्र मागतो. आपल्याकडच्या भारनियमनात त्याचा विचार लांबूनच करा.

मातीची भूक आणि टँकरचा हिशेब

ऑक्सिडकाला प्रदूषक आणि मातीतला सेंद्रिय कर्ब यांत फरक कळत नाही. कर्ब, लोह, सल्फाइड, जे समोर येईल ते तो जाळतो. याला नैसर्गिक ऑक्सिडक मागणी म्हणतात, मी मातीची भूक म्हणतो. मोजायची पद्धत सोपी आहे: तुमच्याच जागेची माती बरण्यांत घ्या, कमी-जास्त ताकदीचं परमँगनेट घाला, ४८ तासांनी किती उरलं ते मोजा. एएसटीएम डी७२६२ ही त्याची प्रमाण पद्धत. परसल्फेटसाठी बरण्या आठवडा-दोन आठवडे ठेवा. पुस्तकातला सरासरी आकडा उचलू नका. काळी माती आणि तिच्याच खालचा मुरूम यांच्या भुकेत कित्येक पटींचा फरक निघतो.

आता आकडे घालून बघू. समजा दूषित मुरूम १२ मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर जाड: ३६० घनमीटर. घनमीटरला १.८ टन धरले तर ६४८ टन. त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन असेल तर ते सगळं मिळून भरतं जेमतेम १३ किलो. एक किलो ट्रायक्लोरोएथिलीनला २.४ किलो पोटॅशियम परमँगनेट लागतं, म्हणजे ३१ किलो. वाटलं, दोन पोत्यांत काम झालं. पण मातीची भूक किलोला ३ ग्रॅम निघाली, तर एकट्या मातीला १,९४४ किलो लागतं. शंभरातले अठ्ठ्याण्णव रुपये मातीच्या ताटात.

पुढची अडचण जागेची. हे सुमारे १,९७५ किलो परमँगनेट ३ टक्के द्रावणात घालायचं तर सुमारे ६६,००० लिटर पाणी हवं, म्हणजे बारा हजारी टँकरच्या साडेपाच खेपा. मुरुमात पाणी खेळायला मोकळी जागा समजा ३ टक्के. ३६० घनमीटरमध्ये ती भरते सुमारे ११,००० लिटर. अकरा हजारांच्या हौदात सहासष्ट हजार लिटर एका दमात ओतले तर उरलेलं कुठे जाणार? शेजाऱ्याच्या विहिरीत. म्हणून हप्ते पाडायचे, दोन हप्त्यांत काही आठवडे जाऊ द्यायचे, आणि दर वेळी उरलेला रंग आणि पातळी पाहून पुढचा हप्ता ठरवायचा. मातीची सगळी भूक एकदम भागवावी लागतेच असंही नाही. तिचा काही भाग फार सावकाश खाणारा असतो.

पेट्रोलचं गणित उलटं. त्याच मुरुमात किलोमागे २०० मिलिग्रॅम हायड्रोकार्बन असेल तर एकूण सुमारे १३० किलो. बेंझीन पूर्ण जाळायला किलोमागे जवळपास ४६ किलो परसल्फेट लागतं. त्या दराने १३० किलोला सुमारे सहा टन, आणि मातीची भूक वेगळी. मागे उरणारं सल्फेट पावणेपाच टनांच्या पुढे. एवढं वाचून कुणीही शहाणा माणूस म्हणेल, आधी जेसीबीने वरची माखलेली माती काढू, वाफा ओढून घेऊ, हवा खेळवून जिवाणूंना काम करू देऊ, आणि ऑक्सिडक शेवटच्या उरल्यासुरल्यासाठी ठेवू. बरोबर आहे.

कधी आणि कसं सोडायचं

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. द्रव त्या भेगांतून धावतो, भलतीकडेच वर येतो. शिवाय मे महिन्यात गावात टँकरसमोर हंड्यांची रांग असताना तुम्ही सहा टँकर जमिनीत ओतणार असाल तर मला तुमच्या शेजारी उभं राहायचं नाही. भर पावसाळ्यात पातळी रोज हलते, ऑक्सिडक पातळ होतो, वाहून जातो. मी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ धरतो. माती फुगून भेगा मिटलेल्या, माखलेला पट्टा पाण्याखाली, ऊन सौम्य. अडचण एकच, रब्बीचा उपसा तेव्हाच सुरू होतो. जवळच्या दोन-तीन विहिरींच्या मालकांशी बोलून तेवढे आठवडे मोटर बंद ठेवणं आणि पिकाला दुसरं पाणी देणं, हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

आधी कोपऱ्यात छोटी चाचणी: एक भोक, भोवती तीन-चार नळ्या. सोडण्यापूर्वी साध्या मिठाचं पाणी सोडून विद्युत वाहकता कुठे, किती वेळाने चढते ते बघा. भेग कुठे नेते हे मीठ स्वस्तात सांगतं. द्रव आपल्या वजनाने उतरू द्या. दाब वाढवला की तो भेग उघडून पळतो. वरची चिकण काळी माती दूषित असेल तर भोकातून सोडण्यात अर्थ नाही. तिथे माती जेसीबीने उलथून त्यातच ऑक्सिडक कालवावा लागतो.

कागद आणि शेजारी

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ विहिरीत प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई करतं. तुमचा हेतू शुद्धीकरणाचा असला तरी जमिनीत रसायन जातंच. म्हणून आराखडा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मांडून लेखी उत्तर घ्या. केंद्राने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले आहेत. जागा त्यांत मोडत असेल तर तपासणी आणि सुधारणा त्या चौकटीत होते, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर येतो.

ग्रामपंचायतीत तुम्ही स्वतः जा, कंत्राटदाराला पाठवू नका. पाणी गुलाबी दिसलं तर कुणाला फोन करायचा, तोवर जनावरं कुठे पाजायची, टँकर किती वेळात येईल, हे लिहून द्या.

साइटवर

ऑक्सिडकाची पोती सावलीत, कोरड्यात, सिमेंटच्या ओट्यावर. शेजारी डिझेल, ग्रीस, लाकडाचा भुसा, गोणपाट काहीही नको. परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं तर आपोआप पेट घेतं. हे शाळेच्या प्रयोगशाळेत बघायला मजा वाटते, गोदामात नाही. परसल्फेटला ओल आणि ऊन सोसत नाही. पेरॉक्साइडच्या ड्रमला हवा सुटायचं झाकणच हवं, घट्ट बूच लावलं की ड्रम फुगतो. गॉगल, चेहऱ्याची ढाल, रबरी हातमोजे, गमबूट, आणि अंगावर सांडलं तर धुवायला पाण्याची टाकी. कामगार गमछा तोंडाला बांधून उभा राहिला तर काम थांबवा. सांडलेलं परमँगनेट मारायला सोडियम थायोसल्फेटचं द्रावण तयार ठेवा.

नंतर

नमुन्याच्या बाटलीत ऑक्सिडक उरला असेल तर तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं प्रदूषक खात राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना घेताक्षणी ॲस्कॉर्बिक आम्लाने त्याला मारा. पहिल्या महिन्यातला सुंदर अहवाल फ्रेम करून लावू नका. चिकण मातीत आणि खडकाच्या बारीक पोकळ्यांत दडलेलं प्रदूषक ऑक्सिडक संपल्यावर सावकाश बाहेर झिरपतं आणि आकडे पुन्हा चढतात. एक पूर्ण वर्ष तरी बघा, त्यात मे आणि ऑक्टोबर दोन्ही आले पाहिजेत. शेजारच्या विहिरीत सल्फेट, मँगनीज, क्रोमियम आधीच्या आकड्यांवर परतेपर्यंत मोजत राहा. षट्संयुजी क्रोमियम चढलं असेल तर ते पुन्हा खाली येईपर्यंत पाणी पिण्यासाठी बंदच.

आकडे दोन पावसाळे खाली राहिले की नळ्या काढा आणि प्रत्येक भोक तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटच्या रबडीने भरा. सुरुवातीला सापडलेली कोरडी बोअरही त्याच खेपेत बुजवा. भरलेल्या भोकांच्या जागा गट नंबरासह नकाशावर मांडून एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, म्हणजे पुढच्या दुष्काळात तिथे नवं बोअर घ्यायला गाडी आली की कुणीतरी तो कागद काढून दाखवेल.